घमेल्याखाली पाच दिवस

चाचा, आधी बातमी ऐका. रडायचं काय ते मागून बघू.

आपलं घड्याळ पाच दिवस एकटं चाललं! वरचा सिग्नल तुटलेला, उपग्रहाशी बोलणं बंद, आणि अख्ख्या कारखान्यात कुणाला पत्ता नाही. मलासुद्धा नाही! टाइम ऑफिसपासून बॉयलर हाऊसपर्यंत एकवीसच्या एकवीस घड्याळं एका पावलावर चालली, साडेसातचा भोंगा साडेसातलाच झाला. हे कळलं तेव्हा मी जिन्यातूनच तुमचा नंबर लावला. तिकडं रिंग वाजायला लागली आणि मग आठवलं, तुम्हाला जाऊन सतरा दिवस झालेत. फोन चाचींनी उचलला. मी काय बरळले असेन देव जाणे. त्या म्हणाल्या, "बेटी, घरी ये. फोनवर नको."

गेले होते. आत्ताच तिथून आलेय. दोन गोष्टी घेऊन आलेय आणि त्या तुमच्या कानावर घातल्याशिवाय मला घास जायचा नाही. पण तुमचा नियम माहीत आहे मला. "पोरी, शेंड्यावरून नको, बुडापासून सांग." सांगते बुडापासून.

चार हंगामांपूर्वी मी या साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून आले तेव्हा माझ्या अंगात लई वारं होतं. शेवगावची पोर, पुण्याहून डिग्री घेऊन आलेली! पहिल्याच दिवशी टाइम ऑफिसात काचेच्या दाराचं लाकडी कपाट दिसलं, आत लंबकाचं मोठं घड्याळ, आणि समोर स्टुलावर बसून पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा त्याच्याकडे टक लावून बघतोय. मला वाटलं वाट चुकलेला पेन्शनर असेल. पेन्शनर तुम्ही होतातच म्हणा. रिटायर होऊनही दर हंगामाला तुम्हाला बोलावणं यायचं, कारण त्या कपाटाला हात लावायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती.

त्या एका घड्याळातून वायरी निघायच्या आणि कारखानाभर पसरायच्या. दर मिनिटाला एक झटका, की भिंतींवरची एकवीस घड्याळं एक पाऊल पुढं. "ह्यांना सोताची अक्कल न्हाई," तुम्ही मला समजावलंत, "थोरल्यानं ढोसलं की चालायचं. एवढंच ठावं." तरी रोज सकाळी तुम्ही खांद्यावर शिडी टाकून एकवीस जणांची भेट घ्यायचात. प्रत्येक घड्याळाखाली जो कुणी असेल त्याला विचारायचात, "काय, तब्येत कशी हाय?" तुम्ही विचारायचात घड्याळाबद्दल, केन यार्डातला नामदेव सांगायचा गुडघ्याबद्दल. तुम्ही दोन्ही ऐकून घ्यायचात. मग घड्याळाला तेल आणि नामदेवला सल्ला.

आणि मी आले ते हे सगळं काढायलाच! टाइम ऑफिसच्या गच्चीवर भूछत्रासारखा पांढरा अँटेना, खाली एक डबा, तो उपग्रहाकडून वेळ घेणार आणि नेटवर्कवरून सगळ्या नव्या घड्याळांना, मशिनींना, भोंग्याला वाटणार. मला वाटलं, म्हातारा आता भांडणार. तुम्ही डब्याभोवती दोन चकरा मारल्यात आणि लहान पोराच्या उत्साहानं विचारलंत, "ह्याला वरून कोन ढोसतंय?" मी वर बोट दाखवलं. तुम्ही टोपी सावरत आभाळाकडे असं बघितलंत, जणू तिथला माणूस आता खाली वाकून सलाम करणार.

मग ती पुस्तिका. कंपनीचं जाडजूड इंग्रजी मॅन्युअल शिफ्टच्या ऑपरेटरांना कळेना, म्हणून साहेबांनी मला मराठीत माहिती पुस्तिका करायला सांगितली. मी रात्रंदिवस खपून शब्द तयार केले आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला वाचून दाखवले. कालसमक्रमण! कालविचलन! तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. म्हणालात, "पोरी, ह्ये शब्द बोलायच्या आधी दात घासावं लागत्याल."

इतका राग आला होता मला! पण दुसऱ्या दिवशी कागद घेऊन परत तुमच्याकडेच आले. मास्टर क्लॉक आणि स्लेव्ह क्लॉकला मी स्वामी आणि दास लिहिलं होतं. तुम्ही एकदम गंभीर झालात. "दास कोन? आमी इतकी वर्सं एकवीस जनांचं तेलपानी केलं त्ये काय दास म्हनून? थोरलं आन धाकलं लिव्ह." लिहिलं. उपग्रहापासून घड्याळ किती पायऱ्या दूर, त्याला स्ट्रॅटम म्हणतात. मी लिहिलं स्तर, तुम्ही म्हणालात पिढी. "वरचा आजा, तुजा डबा बाप, भिंतीवरची नातवंडं. जितकी पिढी खाली, तितका वेळ जरा पातळ." वेळ वाटेत कधी लवकर कधी उशिरा पोचतो, त्या जिटरला तुम्ही दिलेला शब्द आठवतो? चुळबूळ! मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. आणि तोच बरोबर होता. पुस्तिका छापायच्या आधीच ऑपरेटर फोन करून सांगतात, "मॅडम, तीन नंबरला चुळबूळ लई वाढलीय," आणि मला बसल्या जागी कळतं केबल तपासायची.

लीप सेकंदावर तर आपला अख्खा दुपारचा चहा गार झाला. पृथ्वी जरा रेंगाळते, म्हणून घड्याळात कधीकधी एक सेकंद जास्तीचा घालतात, हे ऐकून तुम्ही टाळी वाजवलीत. "म्हंजी धोंड्याचा महिनाच की! फक्त जावयाला अनारसे खायला येळ न्हाई." मग म्हणालात, "आमच्यात अधिक न्हाई बघ. आमचं वर्स सुटं सोडलेलं. म्हनून रमजान कधी उन्हाळ्यात, कधी थंडीत, सगळ्या ऋतूंचं पानी पिऊन येतो. तुमी दुरुस्त करता, आमी फिरू देतो." दुरुस्त करायचं की फिरू द्यायचं? मी म्हटलं, दुरुस्त. तुम्ही म्हणालात, आधी बघावं की कुनाचं काय बिघडतंय. तो वाद तिथंच राहिला.

आणि माझं चुकलं ते त्यातच. ते आज स्पष्ट बोलते.

नवी यंत्रणा सुरू करताना लक्षात आलं की तुमचं थोरलं घड्याळ सहा मिनिटं पुढं आहे. मीटिंगमध्ये सगळ्या साहेबांसमोर मी बोलले, "चाचांचं घड्याळ इतकी वर्षं चुकीचं चाललंय आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. कमाल आहे!" दोन-तीन जण हसले. तुम्ही मान खाली घालून टोपीची घडी नीट केलीत आणि फक्त "व्हय" म्हणालात. मीटिंगनंतर मात्र मला गाठलंत. "एकदम उडी मारायला लावू नको. कलानं घे. रोज थोडं थोडं." मी म्हटलं, चूक ती चूक, आजच्या आज काढायची. आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा सहा मिनिटं उशिरा झाला. बरोबर वेळेला, म्हणजे उशिरा! पलीकडच्या वस्तीवरच्या अकरा पोरी भोंगा ऐकून घरातून निघाल्या आणि फाट्यावर पोचल्या तर एसटी गेलेली. बारावीची प्रॅक्टिकल होती त्या दिवशी. हातात मोबाईल असून पोरी भोंग्यावर निघायच्या, कारण त्यांच्या आया भोंग्यावर निघायच्या. मी ऑफिसात हातपाय गाळून बसले. तुम्ही फाट्यावर जाऊन दूध संघाचा टेम्पो अडवलात, अकराही जणींना कॅनांच्या मधे बसवलंत आणि नेवाशाला धाडलंत. पोरी वेळेत पोचल्या. ड्रेसला दुधाचा वास आला तेवढंच.

त्या संध्याकाळी मी सहा मिनिटं परत घातली आणि तुमचं ऐकलं. रोज पाच सेकंद. अडीच महिन्यांत घड्याळ जागेवर आलं, कुणी हूं की चूं केलं नाही, कुणाची एसटी चुकली नाही. मी तर फुशारक्या मारत हिंडले, "बघा, कलानं घेतलं की कळतसुद्धा नाही!" तुम्ही गालातल्या गालात हसत होतात. पुस्तिकेत मी तो शब्द तसाच घातला, कलानं घेणं. पण मीटिंगमधल्या त्या वाक्याबद्दल माफी मागायची राहिली. रोज वाटायचं, उद्या बोलू.

शेवटी एकच शब्द उरला. होल्डओव्हर. वरचा सिग्नल तुटला तरी आपला डबा आधी शिकलेल्यावर वेळ राखत राहतो. उपग्रहाच्या सोबतीत असताना तो स्वतःची खोड ओळखतो, की आपण दिवसाला इतकं पुढं पळतो किंवा मागं पडतो, आणि एकटा पडल्यावर तेवढं सावरून घेतो. मी लिहिलं धारणावस्था. तुम्ही म्हणालात, "बाळंतिनीचं दुखनं वाटतंय." मग तुम्ही सांगा ना, मी चिडले. तर तुमचं आपलं एकच, "मी बघितल्याबिगर नाव ठिवत न्हाई. बारशाला पोरगं तरी पायजे का न्हाई?"

"मग काय सिग्नल तोडून दाखवू?"

"तोडू नको. तुटंल तवा बोलव."

चाचा, हे आपलं शेवटचं बोलणं. आठच दिवसांनी, पहाटेच्या नमाजाला तुम्ही उठला नाहीत म्हणून चाचींनी हाक मारली. पुढचं मी लिहीत नाही.

पुस्तिकेच्या नवव्या पानावर तेवढी जागा कोरी राहिली. उद्या बॉयलर पेटणार, त्याच कार्यक्रमात ऑपरेटरांच्या हातात पुस्तिका द्यायची. छापखान्याचे तीन फोन झाले, साहेब म्हणाले, "अहो, टाका इंग्रजीच, कोण विचारतंय?" मी हट्टाला पेटले. चाचा बघितल्याशिवाय नाव ठेवत नव्हते, तर मीही नाही ठेवणार. पण आतून पार घाबरले होते. सगळे शब्द तुमचे आणि नेमका शेवटचा परका, तर ते पुस्तक तुमच्यासमोर कुठल्या तोंडानं धरू? आज संध्याकाळपर्यंतची मुदत होती.

आणि आज सकाळी रंगकाम संपलं. हंगामाआधीचा रंग चालू होता ना, म्हणून पॅनेलवर धूळ नको म्हणत कुणीतरी चादर टाकली होती. मी चादर काढली तर पिवळा दिवा! सिग्नल नाही! किती वेळ? पाच दिवस! दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेले. अँटेना दिसेचना. त्या जागी एक लोखंडी घमेलं पालथं, आणि त्यावर वीट.

रंगारी मारुती शेजारीच ब्रश धूत बसला होता. मी किंचाळले, "हे कुणी केलं?"

"म्या केलं मॅडम," तो छाती पुढं काढून म्हणाला. "म्हागाची वस्तू हाय, चुना उडंल म्हून झाकून ठिवली. वर वीट बी ठिवली. वाऱ्यानं घमेलं हालाया नगं."

आता बोला! अमेरिकेत, जपानमध्ये हे डबे बंद पडत असतील विजेनं, वादळानं. आपल्याकडे मायेनं. मी त्याला रागवायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. तुम्ही गेल्यापासूनचं पहिलं हसू. हसता हसता रडायलाही लागले, मारुती बिचारा "मॅडम, पानी आनू का" म्हणत गोल फिरतोय. घमेलं उचललं, खाली धावले, फरक बघितला. पाच दिवसांचा फरक पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी! आणि म्हणून तुम्हाला फोन लावला. तुटेल तेव्हा बोलव म्हणाला होतात ना? बोलवलं की.

चाची इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. मला समोर बसवून घेतलं, चहा दिला. मी घमेल्याचा किस्सा सांगितला तशा पदर तोंडाला लावून हसल्या. मग मी धीर करून म्हटलं, "चाची, मी चाचांना सगळ्यांसमोर चुकीचं बोलले होते. सहा मिनिटांवरून. माफी मागायची राहिली."

चाचींनी तोंडावरचा पदर खाली घेतला. "तुला त्यांनी सांगितलं न्हाई व्हय?"

आणि मग सांगितलं, चाचा, तुम्ही जे चार हंगाम माझ्यापासून लपवलंत ते. तुमची लेक शबाना अकरावीला गेली तेव्हा एसटीची वेळ बदलली. वस्तीवर घड्याळ कुणाच्याच घरात नव्हतं. भोंगा झाला की चार पोरी निघायच्या आणि गाडी हुकायची. "दोघींच्या बापांनी ठरवलंच हुतं, बास झालं शिक्षन," चाची म्हणाल्या. "तवा ह्यांनी घड्याळाच्या लोलकाची चकती जराशी वर घेतली. रोज थोडं थोडं, म्हैना-दोन म्हैने. भोंगा अलीकडं आला, पोरींना एसटी घावाया लागली. कामावरची मानसं सहा मिनिटं आधी यायची, सहा मिनिटं आधी सुटायची. कुनाचं काय गेलं?"

म्हणजे ती चूक नव्हतीच! ती तुम्ही लावलेली होती! कलानं घेणं हा शब्द तुम्ही मला उगाच दिला नव्हता, तुम्ही तो करून बसला होतात!

"आन तू त्ये परत काढलंस तवा," चाची सांगत होत्या, "अडीच म्हैने सायकल घेऊन वस्तीवर जायचे. घराघरात. म्हनायचे, भोंग्याची वाट बघू नका, मोबाईलवर सात चोवीस झालं की निघा. कुनी तुला बोल लावला तर सांगायचे, चूक माज्या घड्याळाची हुती, पोरीची न्हाई. ती बरोबर करतीया."

चाचा! आणि मी गावभर फुशारकी मारत होते की कलानं घेतलं की कुणाला कळत नाही! कळत नव्हतं कारण तुम्ही सायकल मारत होतात. अहो, एक शब्द तरी बोलायचात. मीटिंगमध्ये नुसतं "व्हय" काय म्हणालात? मला खूप राग आलाय तुमचा, आणि तुमचे पाय धरावेत असंही वाटतंय, आणि दोन्ही आता कुठं करू? माझं चुकलं, चाचा. चारचौघांत बोलले होते, म्हणून चारचौघांसाठी लिहितेय. तुमचं घड्याळ बरोबर होतं. उद्या बॉयलरसमोर सगळ्या साहेबांना हेच सांगणार आहे, मग होऊ दे काय व्हायचं ते.

निघताना चाचींनी विचारलं, "पर वरून तुटल्यावर त्ये यंत्र चाललं कशावर गं?" मी समजावलं, सोबत असताना जे शिकलं, जे बरोबर बांधून घेतलं, त्यावर. पुरेल तितके दिवस.

"म्हंजी शिदोरीवर," चाची म्हणाल्या आणि कपबशी उचलून आत गेल्या.

मी उंबऱ्यातच पेन काढलं. इतकी वर्षं रोज सकाळी तुमचा डबा बांधून देणारी बाई, तिला तो शब्द शोधावा लागला नाही. तुम्ही ऐकला असतात तर मांडीवर थाप मारली असतीत. बारसं झालं, चाचा! छापखान्याला फोन केला, पान नऊ पाठवलं, मुदतीच्या आत. तुम्हाला मजकूर वाचून दाखवते, काही खुपलं तर स्वप्नात येऊन सांगा.

"शिदोरी: वरचा सिग्नल तुटल्यावर घड्याळ आधी शिकलेल्यावर जितका काळ बरोबर चालतं, तो काळ. शिदोरी किती दिवस पुरेल, हे आधी किती दिवस सोबत होती त्यावर ठरतं."

आपली चार हंगामांची सोबत होती, चाचा. मला लई दिवस पुरंल.